हाज मेतवल्लींची बोलकी डबी

हाज मेतवल्लींचं ब्लडप्रेशर किती आहे हे नाईलकाठच्या दमियेतच्या सुतारआळीत सगळ्यांना ठाऊक होतं, एक हाज मेतवल्ली सोडून.

दर गुरुवारी ते डॉक्टर वग्दींच्या औषधाच्या दुकानात जायचे, बाही वर सरकवायचे आणि एखादं पारितोषिक घ्यायला बसावं तसे खुर्चीत बसायचे. डॉक्टर वग्दी दंडाला पट्टा बांधून फुगा दाबायचे. काटा बघून त्यांचा स्वतःचाच चेहरा पांढराफटक पडायचा. मग पट्टा सोडत म्हणायचे, ‘‘माशाल्ला, हाज! घोड्यासारखे आहात घोड्यासारखे.’’ हाज छाती पुढे काढून दुकानाबाहेर पडले की मागे रेंगाळलेल्या त्यांच्या बायकोच्या, इनायातच्या कानात डॉक्टर खरा आकडा सांगायचे. तिथून तो आकडा शेजारच्या नग्वाबाईंकडे, नग्वाबाईंकडून गच्चीवरच्या कपड्यांच्या दोरीवाटे पलीकडच्या घरात आणि संध्याकाळपर्यंत चहाच्या दुकानात. चहाच्या दुकानात हाज स्वतः आले की मात्र सगळे एका सुरात म्हणायचे, ‘‘काय तब्येत ठेवलीय, हाज!’’ आजाऱ्याला आजार सांगून त्याला आणखी कशाला पाडायचं, ही आमच्याकडची रीत. तिच्यापायी किती धडधाकट माणसं परस्पर कबरीत गेली याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

गोळ्या घरात होत्या. रोज एक घ्यायची, चुकवायची नाही, असं मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरने बजावलं होतं. पण हाज मेतवल्लींनी उभा जन्म सोनेरी पायांच्या खुर्च्या आणि कमानदार पाठींचे सोफे घडवण्यात घालवला होता, आणि लाकडाचे नियम ते माणसालाही लावायचे.

‘‘माझं डोकं दुखतंय का?’’ ते विचारायचे.

‘‘नाही,’’ इनायात म्हणायची.

‘‘मग गोळी कशाला? कुरकुरणाऱ्या बिजागरीला तेल घालतात, उम्म रबाब. गप्प बसलेल्या बिजागरीला तेल घालणारा सुतार तू बघितलायस का कधी?’’ लेकीच्या नावावरून ते बायकोला अशी ‘रबाबची आई’ म्हणून हाक मारत.

दुसरं एक कारण होतं, ते ते चारचौघांत सांगत नसत. गोळी घेतली की तासाभरात त्यांना लघवीला तातडीने आत जावं लागे. कैरोचा व्यापारी समोर बसलेला, घासाघीस ऐन रंगात आलेली, आणि अशा वेळी धोतर सावरल्यासारखा झब्बा सावरत पळायचं! त्यापेक्षा मेलेलं काय वाईट, असं त्यांचं मत होतं.

इनायातला ते ‘मेलेलं’ सोसलं असतं की नाही कोण जाणे, पण अर्धमेलं सोसणार नव्हतं. हाजचे थोरले भाऊ असेच एका दुपारी जेवता जेवता बसल्या जागी कलंडले होते. तोंड वाकडं झालं, उजवी बाजू गेली, आणि पुढची कितीतरी वर्षं त्यांच्या बायकोने त्यांना चमच्याने भरवलं. इनायातने ते घर पाहिलं होतं. आपला माणूस आपल्या पायांनी चालत राहावा, शिव्या देत का होईना पण सरळ तोंडाने देत राहावा, एवढंच तिला हवं होतं. आणखी एक गोष्ट हवी होती, पण ती ती कुणाजवळ बोलायची नाही. रबाबने एकदा घरी यावं. दोहाला गेलेल्या तिच्या एकुलत्या एका लेकीचं दोन उन्हाळ्यांत दर्शन नव्हतं.

आता परदेशातल्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही, ही आमच्याकडची दुसरी रीत, आणि ती पहिलीपेक्षा कडक. तिकडे बिचारं एकटं पडलेलं, त्याच्या जिवाला घोर कशाला लावा! इनायातची आई वारली तेव्हा तिचा भाऊ सौदीत होता. तो फोन करायचा, आणि घरचे सांगायचे, आई झोपलीय. मग आई हमामखान्यात आहे. मग आई आत्ताच शेजारी गेली. चाळिसाव्या दिवसाचा विधी उरकला तरी आई शेजारीच होती. एवढी भटकी आई आपल्याला कधी लाभली, असा प्रश्न त्या माणसाला पडला असेल, पण त्यानेही कधी विचारलं नाही. त्यालाही घरच्यांच्या जिवाला घोर लावायचा नव्हता.

हिवाळ्याच्या शेवटी रबाबचं पार्सल आलं. कैरोला येणाऱ्या मैत्रिणीजवळ पाठवलं होतं, तिने तिथून पुढे पाठवलं, असं ती फोनवर म्हणाली. आत पांढरीशुभ्र डबी निघाली, साबणाच्या दोन वड्या शेजारी शेजारी ठेवल्याएवढी. झाकणावर दिवा, पोटात गोळ्यांचे कप्पे, आणि सोबत सुट्या गोळ्यांची पुडी. तारेला लावली आणि ती बोलायला लागली.

‘‘सन्माननीय महोदय, आपल्या औषधसेवनाची नियोजित वेळ झालेली आहे. कृपया झाकण उघडण्याची कृपा करावी.’’

हाज दचकून उठले आणि डोक्यावरची टोपी शोधायला लागले. ‘‘कोण आलंय? कोर्टातलं कुणी आहे का?’’

‘‘डबी आहे, बाबा,’’ रबाब फोनमधून हसत म्हणाली. ‘‘तुम्हाला आठवण करून देणार. तुम्ही झाकण उघडलंत की माझ्या फोनवर हिरवी खूण येईल. नाही उघडलंत तर लाल.’’

‘‘म्हणजे माझ्या घरात बसून माझी चुगली करणार?’’

‘‘काळजी करणार, बाबा.’’

‘‘आमच्या वेळी याला चुगलीच म्हणत,’’ हाज म्हणाले आणि चपला घालून कारखान्यात निघून गेले.

पहिल्या दिवशी लाल खूण गेली आणि इनायातचा फोन वाजला. दुसऱ्या दिवशी रबाबने नग्वाबाईंना फोन केला, डॉक्टर वग्दींना केला, कारखान्यात केला. तिसऱ्या दिवशी कुणी उचलेना, तेव्हा तिने मशिदीत अजान देणाऱ्या मुअज्जिनचा नंबर कुठूनसा मिळवला. तो बिचारा तसाच अनवाणी धावत सुतारआळीत आला आणि भर रस्त्यात ओरडला, ‘‘इन्ना लिल्लाह! हाज गेले का हो?’’

हाज त्याच्यासमोरच एका खुर्चीच्या पायाला पॉलिश पेपर घासत उभे होते.

‘‘गेलो नाही अजून,’’ ते म्हणाले, ‘‘पण तू असाच ओरडत राहिलास तर तुला घेऊन जाईन.’’

आळी आठवडाभर हसली. हाज घरी येऊन डबीला नाईलमध्ये बुडवायला निघाले होते. इनायातने डबी पोटाशी धरली म्हणून वाचली. त्याच संध्याकाळी रबाबचा फोन आला. ती रडत होती.

‘‘यम्मा, लाल खूण दिसली की माझ्या हातापायांतलं बळ जातं गं. पुन्हा एकदा जरी लाल दिसली ना, वल्लाही, मी सगळं टाकून येते.’’

‘सगळं’ म्हणजे नवरा, घर आणि नोकरी. लेक यावी म्हणून इनायातचा जीव तुटत होता, पण संसार टाकून, विमानात रडत, बापाच्या एका गोळीपायी? लोक काय म्हणतील, जावई काय म्हणेल? दुसऱ्या दिवशी डबी बोलली, हाज नेहमीप्रमाणे ‘‘तू गप्प बस गं’’ म्हणून निघून गेले, आणि इनायातने इकडेतिकडे बघून झाकण उघडलं.

‘‘आपल्या बहुमोल सहकार्याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत,’’ डबी म्हणाली. ‘‘आपणांस उदंड आयुष्य लाभो.’’

इनायातने गोळी काढून एका काचेच्या बरणीत टाकली. संध्याकाळी गोडीगुलाबीने देऊ, असा तिचा विचार होता. इतक्यात रबाबचा मेसेज आला. गुलाबाचं फूल होतं.

तिने खटपट केली नाही असं नाही. गोळी कुटून मुलुखियाच्या पातळ भाजीत घातली, तर हाजनी एका घासात वाटी सरकवली. ‘‘आज भिंतीचा चुना पडला वाटतं यात?’’ चहात विरघळवली, तर चहा मांजराला दाखवला आणि मांजरही निघून गेलं. गोडीगुलाबी झाली, रुसवा झाला, भावाची आठवण काढून झाली. हाज एकच म्हणायचे, ‘‘वग्दी मला घोडा म्हणतो. घोड्याला गोळ्या देतात का?’’ आता वग्दी खोटं बोलतात हे सांगावं, तर खरा आकडा सांगावा लागणार. खरा आकडा ऐकून यांचा आकडा आणखी चढणार. इनायात तोंड मिटून बसायची आणि सकाळी पुन्हा झाकण उघडायची.

अशी ती डबी घरात रुळली. फरक एवढाच की ज्यांना सांगायचं ते सोडून ती सगळ्यांना आठवण द्यायला लागली. तिचा आवाज आला की इनायात भाजी चुलीवर चढवायची. भिंतीपलीकडे नग्वाबाई आपली गोळी घ्यायच्या. त्यांनाही प्रेशर होतं, आणि पुढे त्यांचं औषध बाजारातून गायब झालं. बरणीतल्या गोळ्या बघून त्यांचे डोळे चमकले.

‘‘बाहेरच्या आहेत?’’

‘‘दोहाहून आल्यात, म्हणजे बाहेरच्याच असणार.’’

‘‘मग बरणीत कशाला कुजवतेस, बाई? माझ्या पोटात घाल.’’

गोळ्या निघाल्या इथल्याच, नग्वाबाईंच्या गायब झालेल्या औषधासारख्याच. पण दोहाचं नाव लागलं होतं, त्यामुळे जास्त लागू पडल्या. महिन्याभरात हाज मेतवल्लींच्या औषधाने नग्वाबाईंचं प्रेशर उतरलं. त्यांच्या गालांवर लाली आली. ‘‘यंत्राचा गुण आहे हं,’’ असं त्या गच्चीवरून सगळ्यांना सांगत सुटल्या.

रमजानात रबाबने दोहाहून डबीची वेळ बदलून सूर्यास्ताची, मगरिबची केली. बापाचा रोजा मोडायला नको. पण डबीला दमियेतचा सूर्य कुठला माहीत! एका संध्याकाळी तिने अजानच्या आधीच तोंड उघडलं. नग्वाबाई भिंतीपलीकडे खजूर हातात धरून बसल्याच होत्या. भुकेच्या तंद्रीत त्यांना ती शुद्ध बोली रेडिओवरच्या रोजा सोडायच्या घोषणेची वाटली आणि त्यांनी खजूर तोंडात टाकला. पाठोपाठ अजान झाली. मग जी काय आरडाओरड झाली!

‘‘माझ्या रोज्याचं पाप या डबीच्या डोक्यावर!’’ नग्वाबाई दारात येऊन ओरडल्या.

‘‘तिच्या डोक्यावर झाकण आहे,’’ आतून हाज म्हणाले. ‘‘बसेल की नाही बघा.’’

ईदला डबीच्या कंपनीकडून रबाबच्या फोनवर अभिनंदन आलं. आपले वडील आमच्या आदर्श रुग्णांमध्ये गणले जातात, वगैरे. रबाबने ते आईला वाचून दाखवलं. हल्ली फोनवर तिच्या मागे नुसती पांढरी भिंत दिसायची. पूर्वी खिडकी आणि खिडकीतून समुद्र दिसायचा.

‘‘समुद्र कुठे गेला गं?’’ इनायातने एकदा विचारलं होतं.

‘‘जागा बदलली, यम्मा. ही ऑफिसला जवळ पडते.’’

‘‘आणि आमचा जावई, हातिम? बोलत नाही हल्ली.’’

‘‘झोपलाय.’’

इनायातने पुढे विचारलं नाही. परदेशात माणसं दमतात.

ईदनंतर थोड्याच दिवसांनी रबाबचा वेगळाच फोन आला. ‘‘यम्मा, डबीने तीन महिने पुरे झाले म्हणून सांगितलंय. सुरुवातीचे दिवस सोडले तर एकही दिवस लाल नाही. बाबा आता लोखंडासारखे झाले असतील ना?’’

‘‘लोखंडासारखे,’’ इनायात म्हणाली, आणि बरणीवर टॉवेल टाकला. जणू नुसत्या आवाजाच्या फोनमधूनही ती दिसणार होती.

‘‘एखादी गोष्ट ऐकली तरी सोसतील?’’

‘‘कसली गोष्ट?’’

‘‘काही नाही. मी येतेय परवा.’’

इनायातने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात एकटीच हसत उभी राहिली. मग बाजारात गेली आणि पाहून पाहून सगळ्यात लठ्ठ बदक घेतलं. बदकाच्या पोटात दमियेतच्या पद्धतीने ठेचलेला कांदा ठासून भरायचा, मंद आंचेवर शिजवायचं. रबाब लहानपणी बदक टाकून नुसता तो कांदाच खायची.

रबाब आली ती विमानतळावरच्या गाडीने नाही, कैरोच्या मायक्रोबसने. बसच्या टपावर तीन बॅगा, एक मिक्सर आणि गुंडाळलेली सतरंजी. हाज कारखान्यात होते. मायलेकी गळ्यात पडल्या, रडल्या, हसल्या. मग इनायात कांदा भरायला बसली आणि रबाब स्टूल ओढून तिच्यासमोर बसली.

‘‘यम्मा, हातिमचं आणि माझं संपलं.’’

इनायातचा हात बदकाच्या पोटात होता, तो तिथेच राहिला.

‘‘कागदसुद्धा झाले. हिवाळ्यातच. तेव्हापासून मी कैरोत आहे, शुब्रा वस्तीत, एका खोलीत. तिथल्या शाळेत नोकरी धरलीय. ती डबीही मी कैरोतूनच पाठवली होती.’’

‘‘कैरोतून?’’ इनायात म्हणाली. ‘‘बसने सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला माणूस इथे पोचतो. त्या कैरोतून?’’

‘‘बाबांना कसं सांगणार होते? त्यांना कळलं असतं तर तिथल्या तिथे कोसळले असते, काकांसारखे. मी एका मोठ्या डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, तीन महिने नेमाने औषध पोटात गेलं की माणूस काहीही ऐकू शकतो. म्हणून थांबले. रोज हिरवी खूण बघायची आणि म्हणायचं, आणखी एक दिवस गेला.’’ तिने डोळे पुसले. ‘‘आता आज सांगून टाकते त्यांना.’’

‘‘आज नको,’’ इनायात घाईघाईने म्हणाली.

‘‘का?’’

‘‘आज बदक आहे.’’

‘‘मग उद्या सांगते.’’

‘‘उद्या शुक्रवार. शुक्रवारी कुणी असलं काही बोलतं का?’’

‘‘यम्मा,’’ रबाब म्हणाली, ‘‘तू मला फिरवतेयस. मामाला आजीच्या वेळी फिरवलं होतं तसंच फिरवतेयस. काय झालंय?’’

इनायातने हात धुतला. सावकाश धुतला, कारण धुऊन झाल्यावर बोलावं लागणार होतं. मग तिने टॉवेल काढून बरणी लेकीपुढे ठेवली.

‘‘त्यांनी एकही घेतली नाही. झाकण मी उघडत होते. थोड्या नग्वाने खाल्ल्या, बाकीच्या ह्या.’’

रबाबने बरणी उचलून उजेडात धरली. ‘‘म्हणजे मी तीन महिने…’’

‘‘तू ‘सगळं टाकून येते’ म्हणालीस म्हणून उघडत होते गं. तुझा संसार मोडू नये म्हणून.’’

‘‘माझ्याकडे टाकायला होतं काय, यम्मा? यायचं निमित्त शोधत होते मी. एक लाल खूण आली असती तर त्याच संध्याकाळी दारात असते.’’

तेव्हा कुठे इनायातच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि पडला नसता तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. पोरगी एका खोलीत, पांढऱ्या भिंतीशी पाठ लावून, एकटी रडत होती. आणि ही इथे रोज सकाळी झाकण उघडून तिला कळवत होती, इकडे सगळं ठीक आहे, तू तिकडेच राहा. एक दिवस आळस केला असता! एक दिवस ताप येऊन पडली असती! तिने लेकीचं डोकं आपल्या कांद्याचा वास येणाऱ्या कुशीत घेतलं. त्या दोघी ज्या रडल्या, त्यातला कांद्याचा वाटा फार थोडा होता.

जिन्यात हाजचा खोकला ऐकू आला. दोघींनी घाईघाईने डोळे पुसले. आता यांना सांगायचं कसं? प्रेशर चढलेलं, औषध पोटात नाही, आणि बातमी अशी. रबाबने बरणीतून एक गोळी काढली, पाण्याचा पेला भरला आणि दारातच बापाला गाठलं. गळाभेट झाली, मुके झाले.

‘‘तुम्हाला एक गोष्ट सांगायचीय, बाबा. पण आधी ही घ्या.’’

‘‘गोष्ट सांग.’’

‘‘आधी गोळी.’’

हाज मेतवल्लींना एक खोड होती. आळीत कुणाच्या घरात काय शिजतंय हे कळल्याशिवाय त्यांना घास जायचा नाही. त्यांनी बॅगांकडे बघितलं, मिक्सरकडे बघितलं, लेकीकडे बघितलं. मग तोंड वाकडं करून गोळी गिळली.

‘‘हं. बोल.’’

‘‘मी रजेवर आलेय,’’ रबाब म्हणाली.

‘‘एवढंच? एवढ्यासाठी गोळी?’’

‘‘बाकीची उद्या.’’

दुसऱ्या दिवशी मायलेकी डॉक्टर वग्दींकडे सल्ल्याला गेल्या. डॉक्टरांनी चष्मा काढून सगळं ऐकलं आणि फार गंभीरपणे विचार केला. औषधाच्या बाबतीत त्यांनी इतका विचार केल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

‘‘सगळी बातमी एकदम नको,’’ ते म्हणाले. ‘‘तुकडे करून द्या. रोज एक, गोळीबरोबर. रिकाम्या पोटी अजिबात नको. आणि तो जो शेवटचा शब्द आहे ना, तलाकचा, तो प्रेशर उतरल्यावर.’’

तसा उपचार सुरू झाला. हाज रोज जेवून हात पुसत बसायचे, रबाब पेला आणि गोळी घेऊन समोर बसायची. एके दिवशी हातिम जरा कामात आहे. दुसऱ्या दिवशी हातिमच्या आईचा स्वभाव जरा कडक आहे. तिसऱ्या दिवशी हातिमचा स्वभाव आईवर गेलाय. हाज गोळी गिळून शांतपणे ऐकायचे, मध्येच हातिमच्या घराण्याला एक सणसणीत शिवी हासडायचे आणि विचारायचे, ‘‘मग?’’ मग रबाब सांगता सांगता बहकायची. शुब्रातल्या शाळेतल्या बायका, जिन्यातली मांजर, जळलेला पहिला भात, असं काहीबाही दोहाच्या नावावर सांगत राहायची. सौद्याला कैरोचा व्यापारी आला तर हाज त्याला ताटकळत ठेवायचे. मध्येच उठून आत जावं लागलं तरी परत येऊन तिथेच बसायचे. डबीची तार कुणीतरी काढून ठेवली होती. ती गप्प झाल्याचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

एका गुरुवारी डॉक्टर वग्दींनी काटा बघितला आणि त्यांचा चेहरा होता तसाच राहिला. ‘‘घोड्यासारखे आहात, हाज,’’ ते म्हणाले. मग सवयीने इनायातला बाजूला घेऊन तिच्या कानात म्हणाले, ‘‘खरंच घोड्यासारखे आहेत.’’

त्याच संध्याकाळी नवराबायको गच्चीवर चहा घेत बसले होते. रबाब खाली आपल्या खोलीत होती, गच्चीचं दार उघडंच होतं.

‘‘अजून किती उरलंय?’’ हाजनी विचारलं.

‘‘काय?’’

‘‘तिचं सांगायचं.’’

इनायातने पेला खाली ठेवला. ‘‘कसलं सांगायचं, हाज? पोर रजेवर आलीय.’’

‘‘रजेवर आलेली पोर अत्तर आणते, चॉकलेट आणते. मिक्सर घेऊन कोण येतं गं रजेवर?’’ हाज म्हणाले. ‘‘मला दारातच कळलं. तिचा चेहरा बघितला आणि कळलं.’’

‘‘आणि तुम्हाला काही झालं नाही?’’

‘‘व्हायचं काय? त्या हातिमचा मला पहिल्यापासून संताप होता. संताप गेला, बरं वाटलं.’’

‘‘मग इतके दिवस मुकाट्याने गोळ्या का गिळत होता?’’

हाजनी चहाचा घोट घेतला. खाली बघून बोलले, तेही नेहमीच्या आवाजात नाही.

‘‘ती माझ्यासमोर बसायची ना. लग्न झाल्यापासून पोर एवढा वेळ कधी बसली होती माझ्यासमोर? मला माहीत आहे म्हटलं असतं, तर तिचं सांगायचं संपलं असतं. संपलं की उठून जाईल कैरोला.’’ मग त्यांनी एकदम मान वर केली. ‘‘पण हे तिला कळू देऊ नकोस हं, उम्म रबाब. बिचारी एवढी जपून जपून सांगतेय. मला ठाऊक आहे म्हटलं तर तिच्या जिवाला लागेल.’’

‘बरं’ हा शब्द इनायातच्या ओठांवर आलाच होता. चाळीस वर्षं ती हाच शब्द म्हणत आली होती. आई झोपलीय, बरं. आकडा सांगू नका, बरं. झाकण उघड, बरं. आता पुन्हा पोरगी एका खोलीत जपून बसणार, बाप दुसऱ्या खोलीत जपून बसणार, आणि मध्ये ही, दोघांचं गुपित एकमेकांपासून राखत. तिला संताप आला. हाजचा, लेकीचा, वग्दींचा, साऱ्या आळीचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

ती उठली, दाराशी गेली आणि आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, ‘‘रबाब! वर ये! तुझ्या बाबांना सगळं माहीत आहे! पहिल्या दिवसापासून माहीत आहे!’’

‘‘अगं ए! वेड लागलं का तुला?’’ हाजचा चहा झब्ब्यावर सांडला.

‘‘लागलं,’’ ती म्हणाली, आणि पुन्हा जिन्यात वाकली. ‘‘आणि तू कैरोला जाऊ नयेस असं त्यांना वाटतं, पण ते बोलणार नाहीत! मलाही वाटतं! रोज वाटत होतं! ऐकतेयस ना?’’

शेजारच्या गच्चीवर नग्वाबाई कपडे काढता काढता थांबल्या होत्या. इनायातने त्यांच्याकडे वळूनही बघितलं नाही.

खाली दार वाजलं. रबाब एकेक पायरी चढत वर आली. तिचे डोळे रडून लाल झाले होते, नाक सुजलं होतं, आणि या खेपेला डोळे न पुसताच ती बापासमोर येऊन उभी राहिली.